कडूबा विचारत नाही

जीप सुरू झाली तेव्हा कडूबाच्या हातातली नळी अजून ठिबकत होती. आवाज कानावर आला आणि त्यानं मान वर केली.

ही जीप घुरघुरत सुरू व्हायची. कडूबा पंपावर लागल्यापासून ती घुरघुरतच सुरू होत आली होती. आज ती टकटकली. पत्र्याच्या डब्यात मूठभर खडे घालून कुणी हलवावेत, तशी. असा आवाज ट्रॅक्टर करतो, ट्रक करतो, मळणीयंत्र करतं. पेट्रोलची जीप करत नाही. मागच्या नळकांड्यातून काळ्या धुराचा भपकारा निघाला आणि हसनाबादच्या सर्जेराव पाटलांची जीप अंबडच्या रस्त्याला लागली.

कडूबानं हातातल्या नळीकडं पाहिलं. नळी पेट्रोलची होती. टाकी त्यानं गळ्यापर्यंत भरली होती.

हाक मारायला वेळ होता. पंपापुढं चढ आहे, तिथं भरली जीप रांगतच जाते. मागच्या बाकावरून पाटलांची आई झुंबरबाई त्याच्याकडं बघून हात हलवत होती. नुसतं 'थांबा' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. कडूबानं तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं आणि जीप वळणाआड गेली.

कडूबा हा नवीन जालना भागात, अंबड रस्त्यावर, बालकिशन सेठच्या पंपावर गाड्यांत तेल भरणारा माणूस. याहून त्याच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं. एकच गोष्ट होती. कडूबा विचारत नसे. इतर पंपांवर पेट्रोल का डिझेल, किती टाकू, अशी चौकशी चाले. इथं गाडी उताराला लागली की कडूबा बरोबर ती नळी काढून उभा. ड्रायव्हर लोक उताराच्या वरच इंजिन बंद करत आणि गाडी गुपचूप पंपावर सोडत, तेवढीच बचत. म्हणजे आवाजाचाही आधार नाही. तरी नुसत्या नाकाडावरून कडूबा गाडी ओळखी. कुणाची, काय पिते, मालक सोबत असला तर किती पिते आणि ड्रायव्हर एकटा असला तर किती, सगळं तोंडपाठ. त्याची बायको उषाबाई म्हणे, "मी सांगूनबी यायला कळत न्हाई, अन् गाड्यायचं न सांगता कळतं." घरात त्याला एवढाच मान होता, आणि तोही टोमण्यातून मिळे.

आणि ही जीप तर त्याच्या गावची. नोकरीही पाटलांच्याच शब्दावर लागलेली. "मानूस आपला हाये," एवढंच पाटील सेठला म्हणाले होते. आपला माणूस म्हणजे ज्याला ठेवताही येतं आणि काढताही येतं.

सर्जेराव पाटील एका संस्थेचे अध्यक्ष होते, दुसरीचे उपाध्यक्ष होते आणि तिसरीवर नाराज होते. एका ग्रामसेवकानं त्यांना बघून खुर्ची सोडायला जरा उशीर केला होता. तो ग्रामसेवक पुढं कुठं गेला, हे त्याच्या घरच्यांनाही उशिराच कळलं. जीप त्यांनी सरकारी लिलावात घेतलेली. ती पेट्रोल अशी प्यायची की पाटलांना रात्री स्वप्नात घोट ऐकू येत. पण त्या काळी पेट्रोलची गाडी म्हणजे मान होता. डिझेलवर मालवाहतूक चाले. पुढाऱ्यानं पेट्रोलवर चालायचं. म्हणून फाल्गुनात पाटलांनी औरंगाबादेला नेऊन जीपमध्ये डिझेलचं इंजिन बसवलं, तेव्हा ते गुपित ठेवलं. ड्रायव्हर बद्रीनाथला ताकीद होती: चार माणसांत डिझेलचं नाव काढायचं नाही. हसनाबादेत हे आवाजावरून सगळ्यांना कळलं होतं. आपल्याला कळलंय हे पाटलांना कळू नये म्हणून कुणी बोलत नव्हतं. तेव्हापासून जीप जालन्याच्या पंपावर आली नव्हती, आणि कडूबाला कुणी सांगितलं नव्हतं. कडूबाला सांगावं लागत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

आज रामनवमी. पाटलांशेजारी पुढं बसले होते तातेराव, नवे व्याही. थोरल्या पोराची सोयरीक नुकतीच जमलेली. व्याह्यांदेखत बद्रीनाथनं तोंड उघडलं नाही. तो उतरला, झुंबरबाईच्या तांब्यात पाणी भरायला गेला. कडूबाला समजंलच, असं त्यानं धरलं.

आणि तेवढ्यात झुंबरबाई कडूबाशी बोलत होती. "जांबला चाल्ले रे लेकरा. समर्थाच्या जागी रामाचा जन्म बघायचा हाये. दर साली म्हन्ते, अन् दर साली जीप सभेला जाती. औंदा सर्जाला म्हन्लं, बाराच्या ठोक्याला पाळन्याची दोरी माह्या हाती पायजे. मंग खुशाल मरन येऊ दे."

"काऊन मरता, माय," असं म्हणून कडूबा हसला होता आणि हसत हसतच त्यानं नळी टाकीत घातली होती.

आता तो हसत नव्हता. त्यानं नळी जागेवर टांगली. ती दोनदा घसरून पडली.

डिझेलच्या इंजिनात पेट्रोल गेलं की काय होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. तेल टाकीत जाईपर्यंतचं खातं त्याचं. पुढचं खातं धर्मराज मिस्त्रीचं. धर्मराजचं गॅरेज पंपाच्या भिंतीला लागूनच होतं. तो ट्रकच्या चाकात डोकं घालून बसला होता.

"धर्मराज, समजा एखाद्यानं डिझेलच्या गाडीत पेट्रोल टाकलं."

"कोन्या गाडीत?"

"समजा म्हन्लं ना."

"समजायलाबी गाडी लागती. ट्रकचं येगळं, जीपचं येगळं."

"समजा जीप."

"किती टाकलं?"

"समजा फुल."

धर्मराजनं चाकातून डोकं बाहेर काढलं. "कोनाची?"

चहाच्या गाड्यावरची दोन माणसं न बोलावता जवळ आली. एक म्हणाला, काही होत नाही, उलट गाडी जोरात पळते. दुसरा म्हणाला, परभणीकडं असाच एक ट्रॅक्टर फुटला. त्याची सीट अजून चिंचेवर अडकलेली आहे, लोक बघायला जातात. कडूबानं दुसऱ्यावर विश्वास ठेवला. घाबरलेल्या माणसाला जे जास्त वाईट तेच खरं वाटतं. त्याच्या डोळ्यांसमोर चिंचेचं झाड आलं आणि चिंचेवर झुंबरबाईचा तांब्या.

"फुटत-बिटत न्हाई," धर्मराज म्हणाला. "डिझेलला अंगची ओल असती, त्या ओलीवर आतला पंप जगतो. पेट्रोल कोरडं. लोखंडानं लोखंड खाल्लं जातं. गाडी गचके खाती अन् बंद पडती. बंद पडली तं नशीब. पन आपले लोक बंद पडू देतेत काय? ढकलून ढकलून चालू करतेत. मंग पंप गेला, इंजनबी गेलं." थोडं थांबून तो म्हणाला, "अन् कुठी गळालं, अन् कोनी काडी वढली, तं त्या चिंचवाल्याचं खरं व्हतं."

कडूबा पंपावर परत आला. गाड्या येत होत्या. त्यानं त्या भरल्या. प्रत्येक वेळी झाकण उघडल्यावर त्याचा हात थांबे आणि हातातली नळी तो दोनदा बघे. गाडीवाले घड्याळ बघत.

कुणी पाहिलेलं नाही, असा एक विचार त्याच्या मनात आला. बद्रीनाथ पाण्याला गेला होता. पाटील व्याह्यांना पुढच्या निवडणुकीचं समजावत होते. जीप बंद पडली तर इंजिन बसवणाऱ्यावर जाईल, बद्रीनाथवर जाईल, दैवावर जाईल. कडूबापर्यंत कशाला येईल? हा विचार फार थंडगार होता, माठातल्या पाण्यासारखा. कडूबानं तो घोट घोट प्यायला. मग त्याला त्याचीच भीती वाटली.

ऊन चांगलं चढल्यावर अंबडकडून मोसंबीचा एक ट्रक आला. ड्रायव्हर उतरून पाय झटकत म्हणाला, "तुमच्या हसनाबादची जीप बंद पडली की तिकडं. अंबडच्या अलीकडं. म्हातारी लिंबाखाली बसून राह्यली, अन् लोकं जीप ढकलून राह्यले. पुढारी ड्रायव्हरला असा बोलून राह्यला, की मीच गाडी हळू केली."

"ढकलून राह्यले?" कडूबानं विचारलं.

"जोर लावून."

जीप फुटली नव्हती. पण लोक ती ढकलत होते. तो सेठच्या खोलीत शिरला.

बालकिशन सेठ गादीवर बसून कलिंगड खात होता. कडूबानं सांगितलं. सेठनं फोड खाली ठेवली.

"सर्जेरावची जीप?"

"हाव."

"किती घातला?"

"फुल."

सेठनं हात धोतराला पुसले. भीती सगळ्यांना सारखी वाटून आली होती. सेठच्या वाट्यालाही बरोबर तेवढीच होती. शेवटी तो म्हणाला, "दोन कॅन डिझेल घेऊन जा. धर्मराजला संग ने. अन् पाटील माझं विचारेल, तर सेठ गावाला गेला म्हण."

"कव्हा गेला म्हनू?"

"काल," सेठ म्हणाला. "काल सकाळीच."

धर्मराजच्या फटफटीवर मागं बसून, मांडीवर दोन डिझेलचे आणि पाठीला दोरीनं बांधलेले रिकामे कॅन घेऊन कडूबा निघाला. गळ्यात रबरी नळी, माळेसारखी. वाटभर तो मनात वाक्य जुळवत होता. 'पाटील, माझी चूक झाली.' हे फार मोठं वाटलं. 'पाटील, चूक झाली.' हे बरं वाटलं. 'पाटील,' एवढंच म्हणून रडावं, असंही त्याला वाटून गेलं.

जीप रस्त्याच्या कडेला तिरपी उभी होती. शेतातले चार गडी ती मागून ढकलत होते. बद्रीनाथ आत बसून चावी पिळत होता. त्याचा एक गाल लाल होता. जीप खोकली, पांढरा धूर सोडला आणि गप्प झाली. डोक्याला रुमाल बांधून तातेराव व्याही लिंबाच्या सावलीत उभे होते. झुंबरबाई गाठोडं मांडीशी घेऊन बसली होती आणि उन्हाकडं बघत होती, घड्याळाकडं बघावं तशी.

"उद्यापासून घरी ऱ्हाय," पाटील बद्रीनाथला सांगत होते. "बैल हाकलायची लायकी तुही." तेवढ्यात त्यांना फटफटी दिसली. कॅन दिसले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "बघा व्याही, याला म्हन्तेत आपली मानसं. जीप पडल्याची बातमी लागली, अन् काम टाकून धावून आला. शाब्बास रे कडूबा."

कडूबानं जुळवून आणलेलं वाक्य गिळलं. काही न बोलताही भागलं असतं. तेल बदललं असतं, जीप चालली असती, वर शाबासकी मिळाली असती. बद्रीनाथ स्टेअरिंगवर हात ठेवून खाली बघत होता. लाल गालाची बाजू कडूबाकडं होती.

"ढकला रे," पाटील म्हणाले.

"ढकलू नका, पाटील," कडूबा म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की त्यालाच तो दुसऱ्याचा वाटला. "टाकीत पेट्रोल हाये. मी भरलं. बद्रीनाथचं काई न्हाई त्याच्यात."

पाटलांनी त्याच्याकडं पाहिलं. मग व्याह्यांकडं पाहिलं. मग मान ताठ करून म्हणाले, "मंग? पेट्रोलच्या जीपमंदी पेट्रोल न्हाई तं काय राकेल ऱ्हाईल?"

कडूबानं वाटेत सगळ्या शिव्यांची तयारी केली होती, या उत्तराची केली नव्हती. आपली चूक कबूल करायची तर आधी पाटलांचं गुपित फोडावं लागणार होतं. त्याला तो ग्रामसेवक आठवला.

"पाटील," तो म्हणाला, "जीप डिझेलची हाये."

बद्रीनाथनं डोळे मिटले. गडी जीपपासून दोन पावलं मागं सरले. आणि तातेराव रुमालानं मान पुसत, हवापाण्यावर बोलावं तसं बोलले, "डिझेलचीच हाये. मी बसल्यापसून ऐकून राह्यलो. म्हन्लं, व्याही सांगतेन तव्हा बोलावं. आमचीबी डिझेलच हाये."

पाटील वळले आणि रस्त्याच्या कडेनं थोडे लांब जाऊन पाठमोरे उभे राहिले.

धर्मराजनं बॉनेट उघडलं. कडूबानं चपला काढल्या, रबरी नळीचं एक टोक टाकीत घातलं, दुसरं तोंडात धरलं आणि ओढलं. पहिल्यांदा नुसता वास आला. दुसऱ्यांदा तोंडभर पेट्रोल आलं. त्यानं नळी झटकन कॅनमध्ये सोडली. धार लागली. घाईत थोडं जमिनीवर सांडलं, तापलेल्या मातीवरची हवा पाण्यासारखी हलायला लागली. डोळ्यांतून पाणी गळत, गाल फुगवून, थुंकायला जागा शोधत तो वळला.

पाटील जीपकडं परत आले होते. व्याह्यांच्या शेजारी उभे होते. ओठांत सिगरेट होती, आणि हातातल्या काडीपेटीवर त्यांनी काडी ओढली.

सकाळी कडूबाला हाक मारता आली असती आणि मारली नव्हती. आता ती छातीतून वर येत होती आणि तोंड पेट्रोलनं भरलेलं होतं. तो धावला. त्यानं पाटलांच्या मनगटावर असा फटका मारला की काडीपेटी व्याह्यांच्या पायाशी पडली आणि काडी गवतावर. ती अजून जळत होती. कडूबानं त्यावर अनवाणी पाय दिला आणि तो तसाच दाबून उभा राहिला. मग पाटलांच्या ओठांतली सिगरेट काढून तिचा चुरा केला. त्यानंतर पलीकडच्या नाल्यापाशी जाऊन तो थुंकला, आणि बराच वेळ थुंकतच राहिला, कारण मागं वळून बघायची हिंमत नव्हती.

मागून कॅनमध्ये पडणाऱ्या धारेचा आवाज तेवढा येत होता.

"सर्जा," लिंबाखालून झुंबरबाई म्हणाली. "काडीपेटी इकडं आन."

तीन संस्थांशी संबंध असलेले, पन्नाशीचे सर्जेराव पाटील वाकले, काडीपेटी उचलली आणि आईच्या हातात नेऊन दिली. तिनं ती पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

"कडूबा, इकडं ये. चूळ भर."

त्यानं तिच्या तांब्यातल्या पाण्यानं चूळ भरली. पुन्हा भरली. झाडाची सावली आता बरोबर बुंध्याभोवती गोळा झाली होती. झुंबरबाईनं वर पाहिलं, मग कुणाला काही न सांगता गाठोडं मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी हळूहळू हलवायला लागली. तिचे ओठ हलत होते; शब्द कुणाला ऐकू आले नाहीत. तातेरावांनी डोक्यावरचा रुमाल सोडला आणि हात जोडले. मग बद्रीनाथनं जोडले. कडूबाच्या हाताला पेट्रोल होतं; त्यानं ते पाठीमागं नेले.

गाठोडं थांबल्यावर तिनं ते सोडलं, आतून घरी करून आणलेला सुंठवडा काढला आणि सगळ्यांच्या तळहातावर चिमूट चिमूट ठेवला. कडूबानं तो जिभेवर घेतला. सुंठ नाही, साखर नाही. नुसतं पेट्रोल लागलं.

"माय, माझ्यापायी तुमचा..." तो म्हणाला.

"गप ऱ्हाय," झुंबरबाई म्हणाली. "पुढच्या साली जाऊ."

कॅनमधलं डिझेल टाकीत गेलं, धर्मराजनं तेलाच्या नळीत अडकलेली हवा काढली, बद्रीनाथनं चावी पिळली आणि जीप टकटकत सुरू झाली. पाटील पुढं बसले. कडूबाकडं त्यांनी पाहिलं नाही. रागावलेही नाहीत. त्या न रागावण्यानं परतीच्या वाटेवर कडूबाला फार छळलं. रागावले असते तर बरं झालं असतं, असं तो फटफटीवर धर्मराजला दोनदा म्हणाला. काडीवर दिलेला कडूबाचा तळपाय रात्री फुगला.

त्यानंतर बरेच दिवस कडूबा खाकी शर्ट घालताना आज शेवटचाच, असं समजून घालत होता. काही झालं नाही. पाटलांनी सेठकडं शब्द काढला नाही. बद्रीनाथही जीपवर राहिला. सेठ गावाहून परत आल्याचं दुसऱ्याच दिवशी जाहीर झालं.

बदललं एवढंच, की कडूबा विचारायला लागला. कुणी सांगितलं नव्हतं. गाडी उतरून पंपावर आली की तो दोन्ही हात खिशात घाली आणि म्हणे, "पेट्रोल का डिझेल?" ट्रकवाल्यालाही विचारी. लूनावाल्यालाही. लोकांना आधी गंमत वाटली, मग राग आला. ओळखीचे दुखावले. "कडूबाभौ, वळख इसरला का?" "फटफटीत कोन डिझेल टाकतं रे?" कुणी म्हणे, "दूध टाक." कडूबा हसत नसे आणि उत्तर आल्याशिवाय हात खिशातून काढत नसे. उषाबाई म्हणे, "आता गाड्यायचंबी इचारावं लागतं यायला."

हसनाबादची जीप महिन्यातून एकदोनदा येई. बद्रीनाथ आताही तोंड उघडत नसे. ताकीद उठलेली नव्हती. झुंबरबाई दवाखान्याला म्हणून सोबत असली, तर मागच्या बाकावरून तीच खणखणीत आवाजात सांगे, "डिझेल रे लेकरा." चहावाल्यापर्यंत ऐकू जाई. पुढच्या सीटवर पाटील रस्त्याकडं बघत. ती नसली की बद्रीनाथ खाली उतरून कडूबाच्या कानात सांगे.

पुढच्या रामनवमीला सकाळी जीप उतारावरून गुपचूप आली आणि मशीनपाशी थांबली. पंपावर गर्दी होती. जांबला जाणाऱ्या गाड्या रांगेत होत्या, ओळखीपाळखीची माणसं उतरून उभी होती. कडूबानं खिशात हात घातले.

"पेट्रोल का डिझेल?"

बद्रीनाथनं सवयीनं मागं वळून पाहिलं. मागच्या बाकावर कुणी नव्हतं. एक पितळी तांब्या होता, फडक्यात बांधलेला, आणि तो पडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी उशा लावल्या होत्या.

कडूबानं झुंबरबाईचा तांब्या ओळखला. तरी त्यानं हात काढले नाहीत. त्याला दुसरं काही सुचेना.

पुढचं दार उघडलं. सर्जेराव पाटील खाली उतरले. त्यांच्या भादरलेल्या डोक्यावर केस नुकते उगवत होते. रांगेतल्या लोकांनी नमस्कार केले, ते त्यांनी घेतले. मग ते कडूबासमोर येऊन उभे राहिले.

"डिझेल," ते म्हणाले. चहावाल्यापर्यंत ऐकू गेलं.

कडूबानं खिशातून हात काढले.